वडील काय करायचे, हे सांगताना जीभ अडखळली

किनारा_शोधतोय

बरेच दिवस मनात आहे, आज लिहूनच टाकतो, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझे बाबा पस्तीस वर्षं गाडीवर होते, म्हणजे ट्रकवर, आधी क्लीनर मग ड्रायव्हर. आई लोकांचे कपडे शिवायची. एका खोलीत पाच जण. मी शिकलो, इंजिनियर झालो, आज बऱ्या पोस्टवर आहे, बायकोकडे तीन पिढ्या शिकलेल्या. आईबाबा आमच्याकडेच असतात.

गेल्या महिन्यात ऑफिसमधला एक सिनियर घरी आला होता. बोलता बोलता त्याने विचारलं, वडील काय करायचे, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ट्रान्सपोर्टमध्ये होते." तसं खोटं नाहीये, पण मी तो शब्द का निवडला ते मला पक्कं माहितीये. त्याच्या डोक्यात गाड्यांचा मालक यावा, ड्रायव्हर येऊ नये. बाबा आतल्या खोलीत होते आणि दार उघडं होतं. नंतर ते काहीच बोलले नाहीत.

पण खरं पुढे आहे. परवा मुलीच्या मैत्रिणीचे आईवडील आले, त्यांनी बाबांनाच विचारलं, काका, रिटायर व्हायच्या आधी तुम्ही काय करायचात? आणि बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "ट्रान्सपोर्टमध्ये होतो."

आयुष्यभर मोकळेपणाने 'ड्रायव्हर आहे' म्हणून सांगणारा माणूस. माझी अडचण होऊ नये म्हणून त्यांनी माझा शब्द उचलला. त्या रात्री मला झोप नाही आली.

अजून एक. मुलगी नऊ वर्षांची आहे, डॉक्टरकडे नेलं की स्वतःच विचारते, हे औषध किती दिवस, याच्याऐवजी दुसरं चालेल का. बाबांना ते उद्धटपणाचं वाटतं, आम्हाला मोठ्यांसमोर विचारलं तेवढंच बोलायची सवय होती. मला तिचा अभिमान वाटतो आणि त्याच वेळी असंही वाटतं की माझ्या घराचं वळण माझ्यापाशीच संपलं. मुळांशी प्रामाणिक राहायचं म्हणजे नक्की करायचं काय? आणि बाबांशी हा विषय काढू का?

अर्धविराम

तुमचं वाचून पिएर बुर्द्यू आठवले, म्हणून लिहितेय. फ्रान्समधले मोठे समाजशास्त्रज्ञ, जन्म 1930 चा, नैऋत्येकडच्या एका खेड्यातला, वडील पोस्टात साधे नोकर. पोरगा हुशार म्हणून बोर्डिंग शाळेत गेला, तिथे शहरातली मुलं नवीन फॅशनच्या कपड्यात यायची आणि याच्या अंगावर बोर्डिंगवाल्यांचा करडा डगला. पुढे देशातल्या सगळ्यात मानाच्या संस्थेत प्राध्यापक म्हणून निवड झाली, 1982 मध्ये तिथलं पहिलं व्याख्यान. त्याच सुमारास वडील गेलेले होते. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की त्या व्याख्यानाच्या तयारीत त्यांना आपण इथे लायक नाही असं वाटत राहिलं, आणि वडिलांबद्दल अपराधी वाटत राहिलं. इतका मोठा माणूस, हाच विषय आयुष्यभर अभ्यासलेला, तरी सुटका नाही.

त्यांचं म्हणणं असं की आपण वाढतो तिथली रीत डोक्यात नंतर जाते, आधी अंगात मुरते. चालणं, बसणं, किती मोठ्याने हसायचं, कोणासमोर गप्प व्हायचं, सगळं. तुम्ही वर चढलात म्हणून जुनं पुसलं जात नाही, त्यावर नवीन चढतं आणि दोन्ही एकमेकांना टोचत राहतात. त्यामुळे जीभ अडखळली हा तुमच्या स्वभावातला खोटेपणा आहे असं मला नाही वाटत. बाबांनी तो शब्द उचलला त्याचं मात्र काहीतरी करायला हवं, ते तसंच सोडू नका.

पाटीवरची_रेघ

मी जरा वेगळं बोलणार आहे, रागावू नका.

माझे वडीलही मजूर. मूळ, संस्कार वगैरे म्हणताना लोक फक्त चांगलं चांगलं आठवतात, कष्ट, माणुसकी, एकमेकांना धरून राहणं. ते खरंच होतं. पण भीती पण होती. मास्तर बोलले की बरोबर, साहेब बोलले की बरोबर, डॉक्टरने काय लिहून दिलं ते विचारायचं नाही. माझ्या आईचं दुखणं दोन वर्षं अंगावर निघालं कारण डॉक्टर 'काही नाही' म्हणाले आणि 'पण अजून दुखतंय' असं परत जाऊन सांगायची आमच्यात कोणाची हिंमत नव्हती. ही पण माझी मुळंच आहेत आणि ती मला पुढे न्यायची नाहीयेत.

अमेरिकेत अ‍ॅनेट लारो नावाच्या बाईंनी नऊ-दहा वर्षांच्या मुलांच्या घरी जाऊन जाऊन अभ्यास केला होता, 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एक आई गाडीतच मुलाला सांगते, डॉक्टरला काय विचारायचं ते आत्ताच ठरवून ठेव. कष्टकरी घरातली मुलं मात्र अशा ठिकाणी गप्प बसायची. पण त्यांनी हेही नोंदवलंय की याच मुलांचं चुलत-मावस भावंडांशी जास्त घट्ट होतं, आपापला खेळ ती स्वतः शोधायची, आणि शिकलेल्या घरातली मुलं क्लासच्या धावपळीत थकून भावंडांशी भांडत बसायची. म्हणजे दोन्ही घरांत मुलांना काहीतरी मिळतं आणि काहीतरी हातचं जातं. फरक एवढाच की शाळा, दवाखाना, ऑफिस एकाच प्रकारच्या वागण्याला मार्क देतात.

तुमच्या मुलीला विचारू दे हो. बाबांना एकदा विचारा, त्यांना कधी डॉक्टरला काही विचारावंसं वाटलं होतं का.

सांजवात

माझी आई लोकांकडे धुणीभांडी करायची, मी आज बँकेत आहे, वय पंचावन्न. कॉलेजात असताना मी मैत्रिणींना सांगितलं होतं की आई घरीच असते. आई गेली, तिला खरं सांगायचं राहून गेलं, म्हणून हक्काने लिहिते.

समोर बसून माफी मागू नका. त्या पिढीच्या माणसाला ते झेपत नाही, ते म्हणतील 'अरे काय त्यात' आणि विषय संपवतील, तुमचं ओझं उतरेल पण त्यांचं तिथेच राहील. त्यापेक्षा त्यांना त्यांच्या कामाबद्दल विचारा. नातीसमोर विचारा. आणि नुसतं कौतुक करायला नको, खरंच माहिती हवी म्हणून विचारा. ते काम होतं, त्यात अक्कल लागत होती, पस्तीस वर्षं लोकांचा माल आणि स्वतःचा जीव सांभाळला त्यांनी. आपण शिकलेली मुलं आईवडिलांच्या कष्टाला हात जोडतो पण त्यांच्या कामातलं ज्ञान काय होतं ते कधी विचारतच नाही.

आणि त्या सिनियरला खरं सांगून टाका. घरी बोलवायची वाट बघू नका.

नुसता_वाचक

मी शिकलेल्या, सुखवस्तू घरातला. 'वडील काय करतात' हा प्रश्न मी आजवर शंभर लोकांना सहज विचारला असेल, समोरच्याला तो किती जड जातो हे आज पहिल्यांदा कळलं. यापुढे ओळख झाल्याझाल्या नाही विचारणार.

किनारा_शोधतोय

सगळ्यांचे आभार, दहा दिवसांनी लिहितोय.

सांजवात ताई, तुमचं ऐकलं. रविवारी मी गाडी चालवत होतो, बाबा शेजारी, मुलगी मागे. घाट लागला तेव्हा मी विचारलं, बाबा, भरलेली गाडी उतरवताना काय करायचात? आधी दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, ज्या गिअरमध्ये चढवली असती त्याच गिअरमध्ये उतरवायची. ब्रेकवर पाय दाबून उतरलं की लायनर तापतात आणि ऐन वेळी ब्रेक लागत नाही. मुलीने मागून विचारलं, मग तुमचा ब्रेक कधी फेल झाला होता का? आणि माणूस जो सुरू झाला तो घरी पोचेपर्यंत. रात्रीची गाडी, झोप कशी ओळखायची, टायर वाजवून हवा कशी कळते. मी हे काहीच ऐकलेलं नव्हतं, चाळीस वर्षांत. मुलगी प्रश्नावर प्रश्न विचारत होती आणि त्यांना त्यातला एकही उद्धट वाटला नाही.

पाटीवरची_रेघ, तुमचा प्रश्नही विचारला. 'विचारायचं होतं रे, पण आपल्याला कळेल असं ते बोलतील असं वाटायचंच नाही' असं म्हणाले. पुढच्या तपासणीला नातीला बरोबर न्यायचं त्यांनीच ठरवलंय.

सिनियरला सोमवारी सांगितलं. 'त्या दिवशी मी नीट सांगितलं नाही, माझे वडील ट्रक चालवायचे.' तो म्हणाला, अच्छा, आणि दोन मिनिटांनी त्याने त्याच्या आजोबांचं काहीतरी सांगितलं, ते इथे लिहित नाही, त्याचं आहे ते.

बाबांशी त्या शब्दाबद्दल मात्र अजून बोललो नाहीये. पुढच्या शनिवारी परत पाहुणे येणार आहेत. कोणी विचारलंच तर बाबांच्या आधी मी सांगेन असं ठरवलंय.