हार्ट ब्लॉक शिकवायला बेडूक कशाला?

तिरकस_नाडी (धागाकर्ता)
हार्ट ब्लॉक म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून (अलिंदे) खालच्या कप्प्याकडे (निलय) जाणारा विद्युत आवेग अडणे. तो शिकवायला वापरतात तो जर्मन शरीरशास्त्रज्ञ स्टॅनियसच्या गाठींचा प्रयोग १८५२चा. बेडकाच्या हृदयात सायनस व्हिनोसस (ठोके जिथून सुरू होतात तो कप्पा) आणि अलिंदे यांच्यामध्ये पहिली गाठ बांधली की सायनसचे ठोके चालू राहतात, पुढचे सगळे ठप्प. मग अलिंद-निलयाच्या खाचेत दुसरी गाठ मारली की निलय पुन्हा सुरू होते, पण संथपणे. प्रयोग देखणा आहे, वाद नाही. पण तो दाखवून लगेच माणसाच्या ईसीजीवरचा हार्ट ब्लॉक समजावतात, ते मला पटत नाही. आवेग अलिंदांकडून निलयांत नेणारा हिज बंडल आणि तो निलयांत पसरवणारे पर्किंजे तंतूंचे जाळे, हे माणसात असते, बेडकात नाही. माणसातले जास्त धोक्याचे ब्लॉक बहुधा एव्ही नोडच्या (अलिंद-निलयांमधल्या, आवेग थोडा थोपवणाऱ्या गाठीच्या) खाली असतात. जी वाट बेडकात मुळातच नाही, ती बंद पडल्याचे त्याच्यात काय दाखवणार?

कासवगती
असहमत. हार्ट ब्लॉक कळला तोच बेडूक-कासवांमुळे. इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ गॅस्केलने १८८०च्या दशकात अलिंद आणि निलय यांच्यामध्ये क्लॅम्प (चिमटा) लावून तो हळूहळू आवळला. आधी नुसता उशीर, मग अलिंदाच्या दोन ठोक्यांमागे निलयाचा एक, शेवटी दोघांची पूर्ण फारकत. तेव्हा हिज बंडलचे वर्णनही झाले नव्हते (ते १८९३चे), आणि जपानी संशोधक तवाराने केलेले एव्ही नोडचे वर्णन तर १९०६चे. तरी पायऱ्या त्याच निघाल्या ना?

तिरकस_नाडी
इतिहास मान्य, पण मी शिकवण्याबद्दल बोलतोय. पहिल्या गाठीला मुले बिनदिक्कत 'थर्ड डिग्री ब्लॉक' (अलिंद-निलयांमधला पूर्ण ब्लॉक) लिहितात. अहो, थर्ड डिग्रीत अलिंदे आपल्या गतीने चालू असतात. इथे तीही बंद! अडथळा सायनस आणि अलिंदाच्या मध्ये आहे, एव्ही जोडावर नाही.

रिकामा_ठोका
हा मुद्दा शंभर टक्के बरोबर. पण मग पुढचा प्रश्न विचारा की: पहिल्या गाठीनंतर निलय थांबतेच का? त्याच्या तोंडाशी स्वतःची लय निर्माण करू शकणाऱ्या पेशी आहेत, दुसरी गाठ तेच सिद्ध करते. एकोणिसाव्या शतकात यावर भांडणे झाली. एक पक्ष म्हणे, गाठीने व्हेगसचे (हृदय मंद करणाऱ्या मज्जातंतूचे) तंतू चेतवले गेले. दुसरा म्हणे, वरून येणारा आवेग तुटला, बस. आजचे उत्तर मुख्यतः दुसऱ्या बाजूचे, एका पुस्तीसह: वेगवान सायनस खालच्या पेशींना सतत दाबून ठेवतो, आणि तो एकदम तुटला की त्यांना जागे व्हायला वेळ लागतो. थोडा वेळ जाऊ दिला तर दुसऱ्या गाठीशिवायही ठोके परत येऊ शकतात. माणसाला अचानक पूर्ण ब्लॉक होतो तेव्हा तो चक्कर येऊन पडतो, ते याच मधल्या पोकळीत. मला तर हे पुस्तकापेक्षा बेडकाकडून जास्त नीट कळले.

तिरकस_नाडी
पोकळीचे पटले. तरी पेसमेकर बसवायचा का, हे ठरवताना ब्लॉक नोडमध्ये आहे की खाली, हेच तर पाहावे लागते. नोडमधला अॅट्रोपीनने (व्हेगसचा परिणाम रोखणारे औषध) सुधारू शकतो. खालचा सहसा नाही, उलट अलिंदांचा वेग वाढून आणखी ठोके गळू शकतात. हा फरक बेडूक दाखवूच शकत नाही.

कासवगती
नाही दाखवत. पण उशीर वाढत जाऊन मग ठोका गळणे हे सहसा हिज बंडलचे काम नाही. ते आवेग झपाट्याने पोचवते. उशीर होतो संथ वहनाच्या ऊतीत: माणसात एव्ही नोड, बेडकात अलिंद-निलय जोडावरचे स्नायूंचे कडे. नोडच्या ब्लॉकसाठी बेडूक उत्तम, बंडलच्या ब्लॉकसाठी निरुपयोगी. एवढे फळ्यावर लिहा आणि प्रयोग चालू ठेवा.

अवांतर: गाठीआधी नुसता सायनस कोमट करून दाखवावा, सगळ्या हृदयाचा वेग वाढतो. नुसते निलय कोमट केले तर वेग तोच राहतो.

रिकामा_ठोका
+१. आणि गाठीऐवजी क्लॅम्पच वापरा. गाठ एकदम सगळे तोडते, मधल्या पायऱ्या दिसतच नाहीत.