मदत हवी आहे: मच्छीमारांच्या मुलांना 'लहान मासा धरू नये' हे कसं शिकवावं?

नमस्कार. मी मालवण तालुक्यातल्या एका किनारी गावात सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं मच्छीमारांच्या घरची. यंदा समुद्रावर आठ-दहा तासिका घ्यायचं ठरवलं आणि मध्येच अडकले.

भरती-ओहोटी तर मुलांनीच मला शिकवली. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हे एकाला आजोबांकडून ठाऊक होतं. दशमीला दहाची पाऊणपट, म्हणजे साडेसात. आठवडाभर धक्क्यावर जाऊन ताडून पाहिलं. थोडं मागेपुढे होतं, पण हिशेब जमतो. मग "पाऊणच का?" यावर पूर्ण तासिका रंगली. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो, तिथपर्यंत मुलं स्वतः पोचली. उधाण (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती) आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) मला समजावून सांगावेच लागले नाहीत.

अडलं ते पुढे. राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. पापलेट १३५ मिलिमीटर, बांगडा १४०, सुरमई ३७०. त्या मापाच्या कागदी पट्ट्या मुलांना दिल्या. एकदाही अंडी न घातलेला मासाच संपला तर पुढे काय उरेल, ते सांगितलं. एक मुलगी पट्टी हातात धरून बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाई, म्हणजे माझो बापूस चोर काय?"

मला उत्तर देता आलं नाही. ओढलेल्या जाळ्यात काय येईल हे त्या माणसाच्या हातात किती असतं? बारकी मासळी परत टाकली तरी बहुतेक मेलेलीच असते, आणि डिझेलचे पैसे तर द्यायचेच असतात. हे सगळं ती मुलं रोज घरी ऐकतात. माझा धडा त्यांच्या घराविरुद्ध उभा राहायला नको. पण सोडूनही द्यायचा नाही, कारण याच समुद्रावर त्यांना जगायचं आहे. लिलावाच्या जागी पट्ट्या घेऊन मुलांना न्यावं का? की लोकांना ती तपासणी वाटेल? कुणी किनारी शाळेत हे शिकवलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १
बाई, लिलावाला पट्ट्या नेऊ नका, एवढं नक्की. धड्याची सुरुवात माशापासून न करता जाळ्याच्या आसापासून, म्हणजे विणीतल्या भोकापासून करा. जुन्या जाळ्याचा तुकडा आणा. शंकरपाळ्याच्या आकाराचा आस दोन टोकांना धरून ओढला की मिटतो, बारका मासा आत अडकतो. तोच तुकडा फिरवून आस चौकोनी धरा आणि ओढा, तो उघडाच राहतो. मुलांना हाताने करू द्या. मग 'कोणी धरला?' हा प्रश्न मागे पडतो आणि 'सुटला का नाही?' हा पुढे येतो. शिवाय एलईडी दिवे लावून होणाऱ्या मासेमारीविरुद्ध सिंधुदुर्गात पारंपरिक मच्छीमारच आंदोलनाला उतरले होते. समुद्र राखायची मागणी त्यांच्याच घरांतून आली आहे, हे मुलांना जरूर सांगा.

धागाकर्ती
आसाचं मला सुचलंच नव्हतं, मनापासून आभार. त्या मुलीचे वडील जाळी विणतात. जाळ्याचे तुकडे घेऊन वर्गात याल का, असं त्यांनाच विचारते. पट्ट्या सध्या कपाटात ठेवल्या आहेत. रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर) काम केलेल्या आजोबांकडून जुन्या मासळीची मापं मुलांनी विचारून आणावीत, असंही मनात आहे. ते प्रश्न कसे असावेत, यावरही कुणी सुचवा.