नेच्याच्या गोळ्या घेऊन वांग जातं का?

रानजाई
दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांग (काळपट डाग) आहे. बाळंतपणात आलं ते मुक्कामालाच राहिलं. डॉक्टरांनी दिलेलं हायड्रोक्विनोन हे डाग फिकट करणारं क्रीम लावते तोवर फिकट दिसतं, चार दिवस उन्हात हिंडणं झालं की पुन्हा जैसे थे.

परवा मैत्रिणीने कसल्याशा नेच्याच्या (फर्नच्या) अर्काच्या कॅप्सूल सुचवल्या. डबीवर 'पॉलिपोडियम ल्युकोटोमॉस' असं लांबलचक नाव आहे. तिचं म्हणणं, "या घे, सनस्क्रीन फासायची कटकटच संपते." आता मला सनस्क्रीनचा मनापासून वैताग आहे. घाम आला की डोळ्यांत उतरतं, चष्म्याच्या काडीला चिकटतं, ओढणीच्या काठावर पांढरे डाग पडतात. त्यामुळे मोह होतोय. कुणी घेतल्या आहेत का? 'वनस्पतीजन्य आहे, अपाय काही नाही' हे सोडून काहीही सांगा.

खटपट्या
अनुभव नाही, पण एक शंका. आमच्याकडे कुंडीत छान फोफावलेला नेचा आहे. त्याचीच पानं उकळून प्यायली तर? गोळ्यांचा खर्च तरी वाचेल.

उन्हाशी_वैर
खटपट्यादादा, कृपा करून ती कुंडी शोभेलाच राहू द्या. नेच्यांच्या हजारो जाती आहेत. त्यातल्या ब्रॅकनमध्ये टाक्विलोसाइड नावाचं द्रव्य असतं, ते कर्करोगकारक आहे. तो खाणाऱ्या गुरांना मूत्राशयात गाठी होतात. दुसऱ्या एका नेच्याचा अर्क पूर्वी पट्टकृमीवर द्यायचे, आणि मात्रा चुकली तर माणसाची दृष्टी जायची. तेव्हा काढा नको.

रानजाईताई, मी या गोळ्या घेते, पण वांगासाठी नाही. मला उन्हाची ॲलर्जी आहे, पॉलिमॉर्फस लाइट इरप्शन. हंगामातलं पहिलं कडक ऊन लागलं की काही तासांनी हातांच्या बाहेरच्या बाजूला आणि गळ्याखालच्या उघड्या त्रिकोणात टाचणीच्या डोक्याएवढ्या लाल पुळ्या उठतात. खाज अशी की झोपेतही हात तिथेच. गंमत म्हणजे चेहरा बहुतेक वेळा सुटतो, कारण तो बारा महिने उन्हात असतो आणि सरावलेला असतो.

माझ्या त्वचारोगतज्ज्ञांनी कडक ऊन सुरू व्हायच्या आधीपासून गोळ्या चालू करायला सांगितल्या. फरक पडला. पुरळ उशिरा येतं, कमी येतं, लवकर बसतं. येतच नाही असं मात्र म्हणणार नाही. शिवाय त्याच सुमारास मी पूर्ण बाह्यांचे कपडेही घालायला लागले, त्यामुळे सगळं श्रेय गोळीला देणं बरोबर नाही.

हा नेचा मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, तिकडे त्याला कालाग्वाला म्हणतात आणि सोरायसिससारख्या त्वचेच्या तक्रारींवर तो पूर्वापार वापरात आहे. पुस्तकात 'फ्लेबोडियम ऑरियम' असं नाव दिसलं तरी तो हाच. अतिनील किरण त्वचेत शिरले की फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू, तयार होतात, पेशींच्या डीएनएला इजा होते, मग लाली आणि दाह. या अर्कातली कॅफिक, फेरुलिक, क्लोरोजेनिक ही आम्लं त्या रॅडिकल्सना आवर घालतात. म्हणजे सनस्क्रीन हे दाराचं कुलूप आणि गोळी हा चोर आत शिरल्यावर धावून येणारा शेजारी. शेजारी चांगला आहे म्हणून कुणी कुलूप काढून ठेवत नाही.

तुमच्या मैत्रिणीचं वाक्य नेमकं इथे फसतं. २००४ साली ९ निरोगी माणसांवर एक प्रयोग झाला होता. वजनाच्या दर किलोमागे ७.५ मिलिग्रॅम अर्क पोटात गेल्यावर उन्हाने येणारी लाली कमी झाली. कमी झाली, थांबली नाही. चांगल्या सनस्क्रीनच्या तुलनेत हे संरक्षण फारच तोकडं आहे. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, जाहीरच केलं की कोणतीही गोळी किंवा कॅप्सूल सनस्क्रीनची जागा घेऊ शकत नाही, आणि तसे दावे करणाऱ्या कंपन्यांना पत्रं धाडली.

रानजाई
बापरे, सविस्तर लिहिल्याबद्दल आभार! पण वांगाचं काय? तेच राहिलं.

औषधवाला
ते मी सांगतो, रोज काउंटरवर हाच प्रश्न येतो.

वांगावरचे निकाल एकसारखे नाहीत. सिंगापूरच्या एका अभ्यासात आशियाई रुग्णांना हायड्रोक्विनोन आणि सनस्क्रीनच्या जोडीला हा अर्क दिला, तेव्हा नुसत्या क्रीमवाल्यांपेक्षा सुधारणा जास्त दिसली. उलट लॅटिन अमेरिकी वंशाच्या स्त्रियांच्या एका अभ्यासात दोन्ही गटांना सनस्क्रीन होतं, एका गटाला गोळी आणि दुसऱ्याला नकली गोळी. दोन्ही गट सुधारले, त्यांच्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. यावरून माझं मत असं की वांगात खरं काम सनस्क्रीनच करतं. गोळी जोडीला असली तर असो.

घ्यायचीच असेल तर डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचा. अभ्यासांत नेहमी दिसणारी मात्रा म्हणजे २४० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. पुष्कळ डब्यांवर पुढे मोठ्या अक्षरात नेचा आणि मागे बघावं तर 'मिश्रण' म्हणून सगळ्यांचा एकत्र आकडा, आत नेचा किती याचा पत्ता नाही. तसली डबी मी स्वतः परत ठेवतो. हे आहारपूरक (सप्लिमेंट) म्हणून विकलं जातं, औषधासारखी कडक तपासणी विक्रीआधी होत नाही.

अपायाचं विचारलंत. ४० जणांच्या एका अभ्यासात काहींनी ६० दिवस वर सांगितलेली मात्रा घेतली आणि बाकीच्यांनी नकली गोळी, त्यात गंभीर काही आढळलं नाही. एरवी कुणाकुणाला पोटात गडबड किंवा खाज होते. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना पुरेशी माहिती नाही, म्हणून तेव्हा नको. आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना जरूर सांगा, त्यांनीही वांग वाढतं.

उन्हाशी_वैर
सनस्क्रीनच्या वैतागाबद्दल दोन शब्द, कारण तो वैताग मीही भोगलाय. वांगाला नुसते अतिनील किरणच नाही, डोळ्यांना दिसतो तो प्रकाशही काळं करतो. साधं सनस्क्रीन तो अडवत नाही. टिंटेड, म्हणजे त्वचेच्या रंगाची छटा असलेलं घ्या, ज्यात आयर्न ऑक्साइड असतं. त्याने पांढरी झाक येत नाही, डाग जरा झाकलेही जातात. ओढणीला मात्र आता पांढऱ्याऐवजी तपकिरी डाग पडतील, ते आधीच सांगते!

डोळ्यांत उतरतं त्यावर उपाय: कपाळाला आणि डोळ्यांभोवती काडीच्या रूपात मिळणारं घट्ट सनस्क्रीन लावा, ते ओघळत नाही. बाकी चेहरा आणि मानेला तर्जनी-मध्यमेवर टोकापर्यंत पट्टी ओढून येईल तेवढं. याहून कमी लावलं तर डबीवरचा एसपीएफ मिळत नाही. बाहेर असलात तर दर दोन तासांनी पुन्हा.

रानजाई
टिंटेडचं आजवर कुणीच बोललं नव्हतं! आधी तेच आणते. गोळ्यांचं पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारेन. मैत्रिणीला हा धागा पाठवलाय, ती फुगलीय.

औषधवाला
फुगू द्या. हायड्रोक्विनोन मात्र सलग किती महिने चाललंय? भेटीत आधी तेच काढा. फार काळ थांबा न घेता लावलं तर कधी कधी त्वचा निळसर-काळी पडते आणि तो डाग वांगापेक्षा चिवट असतो. मधे थांबा कधी आणि किती घ्यायचा, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.