अनुभव धागा: गुरुचरित्राचा बत्तिसावा अध्याय वाचताना तुमचं काय होतं?

दत्तजयंतीचा सप्ताह नुकताच झाला. बाबा गेल्यावर गुरुचरित्राचं पारायण माझ्याकडे आलं. चौथ्या दिवशी ३० ते ३५ अध्याय. त्यात ३१वा पतिव्रतेचा, ३२वा विधवेच्या आचाराचा. केशवपन करावं, एकदाच जेवावं, पलंगावर निजू नये. समोर आई बसलेली. माझा आवाज बसला, ओव्या भराभर उरकायला लागलो. ती म्हणाली, "मोठ्याने वाच. तीस वर्षं ऐकतेय. तेव्हा ते दुसऱ्या कुणासाठी होतं."

तुम्ही अशा ठिकाणी काय करता? गाळता, अर्थ लावता, की पोथीच ठेवून दिलीत? वाद नको, घडलेलं लिहा.

औदुंबर: गाळत नाही. एक ओवी सुटली तरी पारायण खंडित, असं आमच्याकडे मानतात. पण कथा पुरती बघा ना. माहूरची ती बाई गाणगापुरात सती निघालेली असते. गुरू, म्हणजे नृसिंहसरस्वती, तिचा मेलेला नवरा उठवतात, तिला जळू देत नाहीत. मला गुरूंचं मन तिथे दिसतं.

धागाकर्ता: हे मीही स्वतःला सांगून पाहिलं. पण उठवायचाच होता, तर आधी सहगमनाचं, म्हणजे सती जाण्याचं, पुण्य पावलापावलाला मोजून कशाला दाखवलं? आणि ज्यांचा उठला नाही त्यांनी काय करायचं?

चुलीपाशी: बायकांनी वाचू नये म्हणतात. मी वाचते, मनातल्या मनात. सासूबाईंना ठाऊक आहे, त्या नेमक्या तेव्हा देवळात जातात. ३१व्यात हसू येतं. नवऱ्याआधी जेवू नये! आमच्या ह्यांना रात्रपाळी.

जुनी पेटी: या आचारांचं मूळ स्कंदपुराणातल्या काशीखंडात. विधवेची वेणी मेलेल्या नवऱ्याला बंधन होते, असं तिथे म्हटलंय. पुराणातली वांगी पुराणात, असं मी म्हणायचो. मग वाडा विकताना पणजीचा फोटो सापडला. अंगावर आलवण, म्हणजे विधवेचं लाल लुगडं, डोक्यावरून घट्ट पदर. आजी सांगायची, न्हावी मागच्या दाराने यायचा. पणजी तेव्हा एकोणीस वर्षांची. आणि तिच्याही आधी, १८९० साली, मुंबईच्या नाभिकांनी कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने विधवांची डोकी भादरायला नकार दिला होता! वस्तरा धरणाऱ्यांनाच ते नको झालं होतं. आमच्या गावापर्यंत ते पोचलं नाही. मी पोथीला नमस्कार करतो, पण तो अध्याय आला की ओसरीवर जाऊन बसतो. श्रद्धा कमी पडते म्हणा हवं तर.

चवदार: आमच्या घरात हा प्रश्न २५ डिसेंबर १९२७ला महाडला मिटला. मनुस्मृती जाळली तेव्हा पणजोबा तिथे होते. अर्थ लावत बसायची सवड ज्यांना आहे त्यांनी लावावा.

धागाकर्ता: टोचलं, पण राहू द्या तसंच. औदुंबर, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. बराच वेळ वाती वळत होती. मग म्हणाली, "नवरा उठतो तो भाग मला पाठ आहे. तुझे बाबा दवाखान्यात होते तेव्हा मी रोज म्हणत होते."