जुन्या लॅपटॉपवर डेबियन टाकलं, वायफाय गायब

खटपट्या:
मंडळी, २०१३चा लॅपटॉप लेकीसाठी पुन्हा उभा करतोय. डेबियन १२ (लिनक्सची एक मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलं. आवाज, टचपॅड झकास, पण वायफायचं चिन्हच नाही. लॅन पोर्टही नाही. म्हणजे ड्रायव्हर (वायफाय चालवणारं सॉफ्टवेअर) उतरवायला नेट हवं आणि नेटला ड्रायव्हर! १२ पासून फर्मवेअर (हार्डवेअरच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) इन्स्टॉलरमध्येच येतं ना?

जुना_कर्नल:
फर्मवेअर येतं हो, पण हा ड्रायव्हर नाही. 'एलएसपीसीआय -एनएन' ही हार्डवेअरची यादी दाखवणारी कमांड चालवून वायफायसमोरचा आकडा टाका.

खटपट्या:
१४ई४:४३ए०

जुना_कर्नल:
वाटलंच. या वायफाय चिपला 'डब्ल्यूएल' हा बंद सोर्सचा (कोड खुला नसलेला) ड्रायव्हर लागतो. अँड्रॉइड फोन केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग सुरू करा, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला मिळेल. सोर्सेसमध्ये (पॅकेजेस कुठून घ्यायची त्या यादीत) 'नॉन-फ्री' हा विभाग घाला (नुसतं 'नॉन-फ्री-फर्मवेअर' पुरत नाही). आधी कर्नलचे (सिस्टिमच्या गाभ्याचे) हेडर्स, म्हणजे ड्रायव्हर बनवायला लागणाऱ्या फाइल्स, मग ड्रायव्हरचं डीकेएमएसवालं (प्रत्येक कर्नलसाठी ड्रायव्हर आपोआप बनवणारं) पॅकेज.

मधुरा_क:
हेडर्सचं मेटापॅकेजच (कर्नलसोबत नवे हेडर्सही आणणारं) घ्या. मी फक्त चालू आवृत्तीचे घेतले होते. कर्नल अपडेट झालं आणि ऐन मीटिंगच्या सकाळी वायफाय गुल.

खटपट्या:
झालं! ड्रायव्हरचं मॉड्यूल बनताना पंखा मिक्सरसारखा घरघरला. आता कॅमेरा उघडत नाही. लेक म्हणते, "राहू दे बाबा, तो नकोच."