मदत हवी आहे: फ्रीझरमधल्या स्ट्रॉबेरीचा लगदा का होतो?

नमस्कार मंडळी,

हंगामात भरपूर स्ट्रॉबेरी आणली, धुतली, देठं काढली आणि सरळ पिशवीत भरून फ्रीझरमध्ये टाकली. इथंच माती खाल्ली बहुतेक. दोन महिन्यांनी पिशवी काढली तर आत एकच मोठा दगड! बत्त्यानं ठोकून फोडला, तर सुटलेले तुकडे वाडग्यात पाणी सोडत बसले. रंग छान, वासही छान, पण फळ म्हणावं असं काही उरलंच नव्हतं. शेवटी मिक्सरमधून फिरवून प्यायलो.

फळ सावकाश गोठलं की आत बर्फाचे मोठे स्फटिक होतात आणि पेशी फाटतात, एवढं कळलंय. म्हणून या खेपेला फळं अगदी कोरडी करून, ताटात सुटी सुटी मांडून आधी कडक गोठवणार आणि मगच पिशवीत भरणार आहे. फ्रीझर उणे १८ अंशांवर आहे.

आता अडलंय ते असं: पिशवीतली हवा तोंडानं नळीनं ओढून काढली तर पुरते का? (यंत्र घ्यायची इच्छा नाही, ओटा आधीच भरलाय.) साखर घोळवून ठेवली तर फोडी खरंच घट्ट राहतात, की नुसताच पाक सुटतो? आणि पीच, सफरचंद काळं पडू नये म्हणून लिंबाचा रस लावता, तो किती? मागे मी जरा सढळ हातानं लावला होता, सफरचंदाचं लोणचंच झालं.

स्वतः करून पाहिलेलं असेल तर जरूर सांगा. फसलेले प्रयोगही चालतील.