टीसीपीच्या दुरुस्तीने भागत असताना क्विक कशाला?

सर्व्हरवाला:
मत सरळ मांडतो. वेबसाठी टीसीपी (डेटा पोचल्याची खात्री करणारा जुना नियमसंच) बाजूला सारून यूडीपीवर (तशी खात्री न देणारा साधा नियमसंच) गूगलने सुरू केलेला क्विक हा नवा नियमसंच रचणं म्हणजे ढेकणांसाठी घर जाळणं. तक्रार काय, तर पान छोटं असतं आणि स्लो-स्टार्टमुळे, म्हणजे हळू सुरू करून वेग वाढवत नेण्यामुळे, कनेक्शन वेग घेईपर्यंत पान संपतंही. पण ती सावध सुरुवात उगाच आली नाही. १९८६ मध्ये बर्कलेत हाकेच्या अंतरावरच्या दोन ठिकाणांमधला वेग ३२ केबीपीएसवरून ४० बीपीएसवर कोसळला, तेव्हा व्हॅन जेकबसन यांनी ती घातली. २०१३ मध्ये सुरुवातीलाच १० पाकिटं (डेटाचे तुकडे) पाठवायची मुभा सुचवली गेली, २०१८ च्या टीएलएस १.३ या कूटबद्धतेच्या आवृत्तीने हँडशेकची, म्हणजे सुरुवातीच्या ओळखीची, एक जा-ये फेरी वाचवली. बास झालं की! उलट क्विकला सुरुवातीला टीसीपीच्या साडेतीन पट सीपीयू लागत होता, घासूनपुसून दुपटीवर आणला, असं गूगलच्याच २०१७ च्या पेपरात आहे. बिल मी भरतो.

करबुडे_बोगदा:
तोच पेपर पुढेही वाचा. भारतात सरासरी फेरी १८८ मिलिसेकंदांची, ८ टक्के पाकिटं पुन्हा पाठवावी लागत. तिथे डेस्कटॉपवर सर्चचा उशीर १३.२ टक्क्यांनी घटला. दक्षिण कोरियात फेरी ३८ ची, फायदा १.३ टक्के. माझे वापरकर्ते कोरियात राहत नाहीत.
आणि एचटीटीपी/२ ने, म्हणजे वेबपानं मागवण्याच्या नियमाने, सगळं एकाच टीसीपी कनेक्शनात कोंबलं, त्याचं काय? एक पाकीट गळलं की मागची सगळी अडून बसतात, भले ती दुसऱ्याच चित्राची असोत. क्विकमध्ये ज्याचं गळलं तोच स्ट्रीम (डेटाचा वेगळा प्रवाह) थांबतो. शिवाय कनेक्शन आयडीमुळे, म्हणजे आयपी पत्ता बदलला तरी कनेक्शन ओळखणाऱ्या क्रमांकामुळे, प्रवासात कनेक्शन टिकतं.

सर्व्हरवाला:
टॉवर बदलला तरी फोनचा आयपी बहुधा तोच राहतो, टीसीपी तुटत नाही. आणि तुमच्या नावातल्या बोगद्यात रेंजच नसेल तर कनेक्शन आयडी काय चाटायचाय?

करबुडे_बोगदा:
हे मान्य. जिना उतरताना वायफाय सुटून आयपी बदलतो, तेवढ्यापुरतं बोलतोय. पण ते रोज सुटतं!

जुनी_वायर:
दोघंही वेगावर भांडताय. टीसीपी सुधारता येतो हे गृहीतच चुकीचं आहे. वेगवेगळे स्ट्रीम २००० सालच्या एससीटीपी या दुसऱ्या नियमसंचातही होते, पण घरोघरच्या राउटरांना तो ओळखता येईना. टीसीपी फास्ट ओपन या टीसीपीच्याच सुधारणेने पहिल्याच पाकिटात डेटा पाठवायचं ठरवलं, तर पाकिटावर अनोळखी ऑप्शन (जादा खूण) दिसला म्हणून वाटेतल्या काही फायरवॉलनी पाकिटंच टाकून दिली. क्विक यूडीपीच्या आडोशाला गेला आणि हेडरचाही (पाकिटावरच्या माहितीचाही) बराचसा भाग झाकला, म्हणून जगला. मधल्यांनी लुडबुड केली नसती तर ही वेळच आली नसती.

रात्रपाळी:
त्या 'मधल्यां'पैकी मी एक, ऑफिसचं नेटवर्क सांभाळणारा. पूर्वी 'साइट रखडतेय' असा फोन आला की पॅकेट कॅप्चरमधले (टिपलेल्या पाकिटांमधले) सीक्वेन्स नंबर, म्हणजे अनुक्रमांक, बघून गळती कुठे ते सांगायचो. आता नुसते यूडीपीचे गोळे दिसतात. फेरीचा वेळ मोजायला स्पिन बिट म्हणून एक बिट ठेवलाय आमच्यासाठी, तोही ऐच्छिक. उपकारच! आम्ही ऑफिसात यूडीपी ४४३, म्हणजे क्विकचा रस्ता, बंद केला. ब्राउझर मुकाट टीसीपीवर गेले, कुणाची तक्रार नाही.

करबुडे_बोगदा:
ऑफिसात फायबर आहे, तक्रार कोण करणार?

सर्व्हरवाला:
एससीटीपीचा मुद्दा पटला. पण क्विकमध्ये जुन्या ओळखीवर हँडशेकची वाट न बघता विनंती पाठवण्याला 'शून्य फेरी' म्हणून मिरवता, त्यातली विनंती कुणी टिपून पुन्हा पाठवली तर? पैसे भरायच्या पानाला ते चालू ठेवाल?

करबुडे_बोगदा:
नाही. फक्त साध्या गेट (नुसता मजकूर मागवणाऱ्या) विनंत्यांना.